घंटी दोनदा वाजायला हवी होती

कानसेनच्या घरी स्वयंपाकाच्या ओट्याखाली एक खण आहे. चमचे, पळ्या, चाकू सगळं त्यातच असतं, पण कानसेन होता होईल तो त्याला हात लावत नसे. लागलंच तर वहिनीला सांगायची, आणि वहिनी घरी नसली तर चहात साखर बोटानेही ढवळायची. कारण तो खण बंद करताना सर्रर्र-टप असा जो आवाज होतो, तो तिने दिवसभर ऑफिसात ऐकलेला असायचा. तिच्या लेखी त्याचा अर्थ एकच होता. दादा नाही.

कानसेन हे ऑफिसने ठेवलेलं नाव. गाणारा तो तानसेन आणि नुसता ऐकणारा तो कानसेन, एवढाच हिशेब. ही बाईमाणूस आहे याचा विचार नाव ठेवणाऱ्याने केला नाही आणि तिनेही तक्रार केली नाही. बंदराच्या वर टेकाडावर एक दगडी इमारत आहे, तिच्या माडीवर संदेशखातं. समुद्रात जेवढ्या होड्या, लाँच आणि गाळ काढणारी जहाजं फिरतात, त्या सगळ्यांच्या वायरलेस सेटवरून थोड्या थोड्या वेळाने एकेक ओळ तिथे येते. आम्ही अमुक, इथे आहोत, पाणी इतकं खोल, वेळ ही, होडीवर माणसं इतकी, आणि शेवटी शेरा. शेरा बहुतेक 'ठीक' असाच असतो. ही ओळ कुणी माणूस वाचत नाही, एक प्रोग्राम वाचतो. ओळीतले शब्द सुटे करायचे, कशामागून काय आलं ते नियमाशी ताडून बघायचं, बसलं तर पुढच्या टेबलाकडे धाडायचं, नाही बसलं तर रद्द म्हणून टाकून द्यायचं. अशा प्रोग्रामला पार्सर म्हणतात. सरळ सांगायचं तर तो एक खडूस मास्तर असतो. एक शब्द इकडचा तिकडे झाला की वही भिरकावून देतो. या मास्तरची देखभाल कानसेनकडे होती.

मास्तर एरवी मुकाट काम करतो. पण त्याला सांगून ठेवलं तर तो पावलागणिक पुकारा करत जातो: या नियमात शिरलो, हा शब्द घेतला, जमत नाही, मागे फिरलो, बाहेर आलो. या पुकाऱ्यांना डीबग इव्हेंट म्हणतात. कुठे काही बिघडलं की इतर लोक ते चालू करतात, पडद्यावर पळणाऱ्या ओळी बघून डोळे चोळतात, आणि बिघाड सापडला की बंद करतात. कानसेनने ते कायमचे चालू ठेवले होते. आणि ती ते बघत नसे, ऐकत असे. एका सुट्टीच्या दिवशी घरभर फिरून तिने आवाज रेकॉर्ड केले आणि एकेका पुकाऱ्याला एकेक लावून टाकला. नियमात शिरलं की दादाच्या खोलीच्या दाराची कडी. शब्द घेतला की टेबलावर बोटाची टक. मागे फिरलं की तो ओट्याखालचा खण. ओळ रद्द झाली की ओलं फडकं फरशीवर पडल्याचा धप. आणि सगळ्यात शेवटी घंटी. घंटी दादाच्या सायकलची होती.

दादा तिचा थोरला भाऊ. तो मोजणीच्या लाँचवर होता. बंदराच्या तोंडाशी गाळ किती साचला आणि पाणी किती खोल उरलं, हे मोजत हिंडायचं काम. एका वाऱ्याच्या दिवशी लाँच गेली ती गेली. शोध सुरू झाला, बोटी सगळ्या दिशांना धावल्या, आणि दोन दिवसांनी कुणाला तरी सुचलं की रद्द झालेल्या ओळी कुणी चाळलेल्याच नाहीत. त्यात दादाची ओळ सापडली. जागा होती, खोली होती, वेळ होती. शेवटी लाँचचा नंबर यायचा, तेवढा वाऱ्याने खाल्ला होता. नियमात बसेना म्हणून मास्तरने ती टाकून दिली होती, आणि तेव्हा धप वगैरे काही नव्हतं, त्यामुळे ती आवाज न करता पडली. त्या वेळी कानसेन त्याच खोलीत त्याच खुर्चीवर बसली होती. ओळ आली त्या सुमाराला ती डबा खात होती, हे तिने नंतर वेळ ताडून बघितलं. ते ताडून बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

शोध चालू असतानाच वरून हुकूम आला आणि पार्सरमध्ये एक नियम वाढला. दादाच्या लाँचवर जुना सेट होता. जुने सेट जागा आधी सांगायचे आणि आपला नंबर शेवटी; नवे सेट नंबर आधी सांगतात. बाकी सगळ्यांचे सेट बदलून झाले होते, दादाच्या लाँचचीच पाळी तेवढी राहिली होती. म्हणून असं ठरलं की कुठलीही ओळ आली की मास्तरने आधी ती जुन्या पद्धतीची आहे असं धरून वाचून बघायचं. नसली तर मुकाट मागे फिरायचं आणि मग नव्या नियमाने वाचायची. नंबर कुठला आहे हे तपासायची गरजच नव्हती. जुन्या पद्धतीने बोलणारं समुद्रात दुसरं होतंच कोण?

पुढे शोध थांबला. लाँच कागदोपत्री बुडाली. हुकूम काढणारे साहेब निवृत्त होऊन बागेत रमले. तो नियम काढून टाकायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. कानसेनच्या राहिलं होतं, आणि तिने तो काढला नाही.

मग वर्षानुवर्षं तिच्या कानात काय चाललं असेल ते बघा. ओळ आली की कडी वाजायची: दादा, तू का? एक टक. आणि लगेच खण: सर्रर्र-टप, नाही. मग पुन्हा कडी, नव्या नियमाची, आणि भराभरा टकटकटक, गाळवाले, मासेवाले, पाणबुडे, जो कुणी असेल तो. पुन्हा ओळ, पुन्हा कडी, पुन्हा खण. दादाचा नियम पार करून मास्तर पलीकडे बाहेर पडला तरच घंटी वाजणार होती. ती कधी वाजली नव्हती. रेकॉर्ड केल्यानंतर कानसेनने ती कधी चाचणीपुरतीही वाजवून पाहिली नव्हती. बाकी प्रत्येक गोष्ट दहादा तपासणारी ही बाई, पण जिची वाट बघायची ती घंटी आपल्या हाताने वाजवायची नाही, असा तिचा हट्ट होता. या धंद्यात चाचणी न केलेली गोष्ट म्हणजे पाणी भरून न पाहिलेलं मडकं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

आवाज घरातून ऑफिसात नेले खरे, पण ते तिथून दर संध्याकाळी तिच्याबरोबर घरी परत यायचे. वाऱ्याने दादाच्या खोलीची कडी हलली की तिच्या अंगावर काटा यायचा आणि ती पुढच्या आवाजाची वाट बघत बसायची. वहिनीने तेवढ्यात खण सरकवला की संपलं. आधी नुसत्या रिकाम्या असलेल्या घरात आता सारखं कुणीतरी येऊन परत जात असल्यासारखं तिला वाटायचं.

वहिनी म्हणजे दादाची बायको. ती बंदराजवळच्या कारखान्यात होड्यांवरच्या ताडपत्र्या शिवायची, त्यामुळे तिच्या अंगठ्याला कायम घट्टा. लग्न होऊन आली तेव्हा नणंद एवढीशी, दोन वेण्यांची होती. वहिनीने तिला गमतीने एखाद्या म्हाताऱ्या नणंदेला मारावी तशी 'वन्सं' म्हणून हाक मारली आणि ती तशीच चिकटली. हाक वन्सं, पण अहोजाहो नाही. दादा गेल्यावर वहिनीच्या माहेरचे न्यायला आले होते. ती म्हणाली, बघू. ते बघू अजून चालू होतं. रोज संध्याकाळी कानसेन चपला काढत असतानाच वहिनी विचारायची, "वन्सं, आज वाजली?"

"नाही गं."

"बरं. चहा टाकते."

इतकंच. पण एवढ्यावर दोघींचा दिवस मावळत असे.

आणि मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. खात्यात नव्या मुख्य बाई आल्या होत्या. त्यांनी पार्सर वाचून काढला आणि कानसेनला बोलावलं. "प्रत्येक ओळ आपण दोनदा वाचतोय. पहिला नियम कशासाठी आहे?"

"आहे जुना."

"कधी जुळतो?"

"अजून नाही जुळला."

बाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. "शुक्रवारपर्यंत काढून टाका," त्या म्हणाल्या, आणि आवाज चढवला नाही. चढवला असता तर कानसेनला भांडता तरी आलं असतं.

दुसरी गोष्ट घरात घडली. चौकातल्या दुकानात बसणारा एक घड्याळजी होता, बायको वारलेला, बोलण्यात सावकाश. तो गेले काही महिने घरातली न बिघडलेली घड्याळंही दुरुस्त करायला येत होता, त्यामुळे कानसेनला अंदाज आलाच होता. तो आता मुलीच्या गावाला जाऊन राहणार होता. तिथून समुद्र फार लांब. वहिनीने ताट वाढता वाढता सांगितलं, "वन्सं, ते मला म्हणतायत, चल. लग्न करून. मी हो म्हटलंय. शनिवारी निघायचं."

"चांगलं आहे," कानसेन म्हणाली. तोंडाने म्हणाली. शुक्रवारी नियम, शनिवारी वहिनी. सगळ्यांनी मिळून दादाला एकदम सोडायचा बेत केल्यासारखं तिला वाटलं, आणि त्या रागात तिला घास गिळवेना. वहिनीला ते दिसत होतं. तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

गुरुवारी दुपारी कानसेन हेडफोन लावून बसली होती. बाहेर वारा होता. वारा असला की अर्ध्या ओळी तुटून येतात आणि धप, धप, धप चालूच राहतं. पहिल्या वर्षी ती प्रत्येक धपला दचकायची आणि रद्द ओळ उघडून वाचायची. पण त्या ओळींत काय असतं? नुसता खरखरीचा कचरा. हळूहळू कान सरावला. पंख्याचा आवाज जसा ऐकू येईनासा होतो तसा धप ऐकू येईनासा झाला. कान सगळा घंटीकडे लागलेला.

कडी वाजली. टक. खणाची वाट बघत ती फाईलचं पान उलटणार, तर पुन्हा टक. तिचा हात थांबला. टक. तिसरा शब्द. इतक्या आत मास्तर कधीच गेला नव्हता. टक. आणि मग लख्ख, जशी ती वळणावरून यायची तशी, सायकलची घंटी.

कानसेनने हेडफोन काढून फेकला. खुर्ची मागे आपटली. जिन्यात समोरून भोंगा येत होता. भोंगा म्हणजे खालच्या वायरलेस खोलीतला ड्यूटीवरचा अधिकारी, हळू बोलला तरी बंदरात ऐकू जाणारा. "काय गं, आग लागली का कुठे?" त्याने विचारलं. टेकाडाची पायवाट ती धावत उतरली, वयाची पर्वा न करता, एक चप्पल हातात घेऊन.

वहिनी घरीच होती. पेटी उघडी, पलंगावर साड्यांच्या घड्या. कानसेन दारात उभी राहिली आणि तिला श्वासच मिळेना.

"वाजली," ती म्हणाली. "वहिनी, घंटी वाजली."

वहिनीच्या हातातली घडी सुटली. ती पलंगावर बसली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मग तिने विचारलं, "किती वेळा?"

"किती वेळा म्हणजे? वाजली. दादाच्या नियमातून आला तो बाहेर. आजवर कधी वाजली नव्हती."

"बरं," वहिनी म्हणाली. "मला ऐकायचीय."

पेटी तशीच उघडी टाकून दोघी निघाल्या. वाटेत चौकात घड्याळजी दुकानाच्या दारात उभा होता. त्याने वहिनीकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो परत आत जाऊन बसला. कानसेनला त्या क्षणी जो आनंद झाला त्याची तिला नंतर फार लाज वाटली.

ऑफिसात आल्यावर कानसेनने वहिनीला शेजारच्या स्टुलावर बसवलं. पुकारे सगळे साठवलेले असतात, ते हवे तेव्हा परत लावता येतात. आधी आपण ऐकू, म्हणून तिने हेडफोन लावला आणि ती जागा काढली. कडी. टक, टक, टक, टक. घंटी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग सर्रर्र-टप.

मगाशी ती इथपर्यंत थांबलीच नव्हती. खणामागून परत कडी वाजली, नव्या नियमाची, एक टक झाली, पुन्हा खण, आणि धप.

कानसेन हललीच नाही. बाहेरून बघणाऱ्याला ती नुसती विचार करतेय असं वाटलं असतं. तिच्या आत मात्र एकेक गोष्ट जागच्या जागी जाऊन बसत होती. मास्तर दादाच्या नियमात शिरतो तो आधी अंदाज घ्यायला. अंदाज घेतानाही तो सगळे पुकारे करतो, खऱ्यासारखेच. अंदाज पार जमला तर तो मागे फिरून तीच ओळ पुन्हा वाचतो, या वेळी खरीखुरी. म्हणजे निरोप खरंच दादाचा असता तर घंटी दोनदा वाजली असती: एकदा अंदाजात आणि एकदा खरी. इथे ती एकदाच वाजली होती. ओळ जिथे संपायला हवी होती तिथे संपली नव्हती, पुढे आणखी काहीतरी होतं. म्हणून मास्तरने झालं गेलं सगळं पुसलं आणि मागे फिरला. घंटीसकट पुसलं. एकदा जरी चाचणी केली असती तरी हे तिला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

"दे की मला," वहिनी म्हणाली.

कानसेनने हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. बोट बटणावर. कडी, टकटक, घंटी, आणि घंटी संपताच तिने बटण दाबून थांबवलं. खण तिने वहिनीला ऐकू दिला नाही.

वहिनीने डोळे मिटले होते. "तीच आहे," ती म्हणाली. "त्या सायकलचीच." मग डोळे न उघडता तिने विचारलं, "पुढे?"

पडदा समोर होता. एक कळ दाबली की आवाज थोडा मागे जातो आणि घंटी पुन्हा वाजते. वहिनीला काय कळणार होतं? दोनदा वाजली असती, पेटीतल्या साड्या परत कपाटात गेल्या असत्या, उद्याच्या शुक्रवारी मुख्य बाईंना सांगायलाही काहीतरी मिळालं असतं. आणि संध्याकाळी चपला काढताना कुणीतरी विचारायला घरात राहिलं असतं. कानसेनचं बोट त्या कळेवर गेलं. ती वाईट बाई नव्हती, तरीही गेलं.

तिने ते उचललं आणि दुसरी कळ दाबली. सर्रर्र-टप.

वहिनीने डोळे उघडले. "हा आपला खण."

"हो. परत फिरल्याचा आवाज आहे तो."

"म्हणजे एकदाच वाजली?"

"एकदाच."

"मग ते नव्हेत," वहिनी म्हणाली. "ते वळणावर दोनदा वाजवायचे. एकदा घराला आणि एकदा मला, असं म्हणायचे. तू लहान होतीस, तुला कुठलं कळायला. तू घरी आलीस तेव्हाच विचारलं ना मी, किती वेळा." तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. आता तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज सरळ होता. "मग कोण होतं?"

"काय?"

"ते नव्हते तर मग कोण होतं? कुणीतरी वाजवली ना?"

हा प्रश्न कानसेनला पडलाच नव्हता. पहिल्यापासून, धावत घरी जाईपर्यंत आणि परत येईपर्यंत, एकदाही पडला नव्हता. तिने रद्द झालेल्या ओळी उघडल्या. वरून काही अंतरावर ती होती. सुरुवातीचा नंबर वाऱ्याने खाल्लेला. मग जागा. खोली. वेळ. त्यापुढे पाच. जुन्या नियमाला तो पाच म्हणजे होडीचा नंबर वाटला आणि त्यावर घंटी वाजली. पण ती नव्या सेटची होडी होती, तिच्या ओळीत त्या जागी माणसं किती ते येतं. पाच माणसं. आणि त्याच्या पुढे, ज्यासाठी मास्तर मागे फिरला तो शेरा: इंजिन बंद, खडकाकडे वाहतोय.

कानसेन ती जागा पुटपुटत पुन्हा पुन्हा वाचू लागली. वहिनीने तिच्या खांद्यावरून वाचलं. ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि ताडपत्रीच्या कारखान्यात यंत्रांवरून ओरडायची सवय असलेल्या आवाजात तिने खाली हाक मारली. त्या दिवशी भोंग्यालाही त्याच्या तोडीचं कुणीतरी भेटलं.

गस्तीची बोट निघाली. जागा पाठ म्हणून दाखवावी तशी कानसेनने सांगितली, पण ती जागा आता जुनी होती; मधल्या वेळात ती घरी जाऊन आली होती. वारा कुठून, ओढ कुठली, भोंग्याने नकाशावर बोट सरकवत नेलं. दोघी त्याच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कुणी त्यांना जा म्हटलं नाही. सेटमधून नुसती खरखर येत होती. कानसेन मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, की मी पुन्हा डबा खाल्ला. या वेळी कानात हेडफोन घालून खाल्ला.

होडी खडकांच्या अलीकडे सापडली. पाचही माणसं मिळाली. एकाचा हात मोडला होता आणि एक म्हातारा थंडीने बोलेनासा झाला होता, पण मिळाली. भोंगा सेट खाली ठेवून खुर्चीवर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, "अजून थोडा उशीर झाला असता, तर..." त्याने ते पुरं केलं नाही. वहिनी भिंतीला धरून खाली बसली.

घरी जाताना टेकाडावर अंधारून येत होतं. वहिनी म्हणाली, "तेव्हाही कुणीतरी आपल्याच माणसाची वाट बघत बसलं असेल का गं? आणि ह्यांची ओळ तशीच..."

"तेव्हा मी होते," कानसेन म्हणाली. "मी डबा खात होते."

हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनी चालायची थांबली नाही. थोडं पुढे जाऊन तिने कानसेनचा हात धरला. तिच्या अंगठ्याचा घट्टा कानसेनच्या तळव्याला टोचत होता.

"मी शनिवारी जाते," वहिनी म्हणाली. "आणि ऐक. मी इतकी वर्षं ह्यांच्यासाठी नाही थांबले. ते नाहीत हे मला तेव्हाच कळलं होतं. तू संध्याकाळी यायचीस, मी विचारायचे, आज वाजली? न विचारलं तर तुला वाटलं असतं, ही विसरली. म्हणून विचारायचे. म्हणून राहिले."

कानसेन रडली ती तिथे, पायवाटेवर, हमसून हमसून. वहिनी हात धरून उभी राहिली.

शुक्रवारी सकाळी कानसेनने दादाचा नियम काढून टाकला. मुख्य बाईंना कळवलं, त्यांनी नुसती मान हलवली. मास्तर आता आलेली ओळ सरळ वाचू लागला. कडी वाजायची आणि पाठोपाठ टकटक, मध्ये कुणी विचारत नव्हतं आणि कुणी नाही म्हणत नव्हतं. ती शांतता कानसेनला पहिले काही दिवस सहन झाली नाही. मधल्या त्या जागेवर तिला आपोआप खण ऐकू यायचा.

शनिवारी वहिनी गेली. निघण्याआधी घड्याळजी अर्धा तास ओट्यापाशी उकिडवा बसून काहीतरी करत होता. ते दोघं गेल्यावर कानसेनने चहा केला आणि चमच्यासाठी, बऱ्याच वर्षांनी, आपल्या हाताने खण ओढला. तो आवाज न करता आला. बंद केला, आवाज न करता गेला. त्याने आतल्या पट्ट्यांना मेण लावलं होतं. वहिनीनेच सांगितलं असणार. आता तो आवाज घरात नव्हता, आणि ऑफिसातही त्याला फारसं काम उरलं नव्हतं. कानसेन खण तसाच चार-पाचदा उघडत मिटत राहिली. चहा निवला.

आणखी एक बदल तिने केला, तो कुणाला विचारून केला नाही. धप काढून टाकला आणि त्या जागी घंटी लावली. ओळ रद्द झाली की आता दादाच्या सायकलची घंटी वाजते. या वेळी तिने चाचणी केली, दहादा केली. वारा असला की ती वाजतच राहते, भोंगा खालून ओरडतो की ऑफिसाचं सायकलचं दुकान करून ठेवलंय. तिचा कान सरावत नाही. त्या आवाजाला तो सरावणं शक्य नाही, आणि म्हणूनच तिने तो निवडला. घंटी वाजली की ती ओळ उघडून वाचते. बहुतेक वेळा कचराच असतो.

परवा असाच वारा होता. घंटी वाजली, आणि लगेच पाठोपाठ पुन्हा एकदा. दोनदा, वळणावरची. कानसेनची मान आपसूक दाराकडे वळली. दारात कुणी नव्हतं. ती तशी किती वेळ बसली असती कोण जाणे, पण मग तिने हळूच, हाक मारणाऱ्याला द्यावी तशी, "ओ" दिली आणि पडद्याकडे वळली. दोन ओळी होत्या. पहिली नुसती खरखर. दुसरी मधेच तुटलेली होती, जागा होती आणि पुढे माणसं दोन. कानसेनने फोन उचलला.